आधी फाईल, मग स्लॅब

प्रश्न: मखमलाबाद रोडला आमचा २०० चौरस मीटरचा प्लॉट आहे, समोर साडेसात मीटरचा कॉलनी रस्ता. १९९६ साली नकाशा मंजूर करून तळमजला बांधला. पुढेमागे मजला चढवता यावा म्हणून तेव्हाच गच्चीवर सळया सोडून ठेवल्या होत्या. २००५ मध्ये स्वयंपाकघर मागच्या बाजूला तीन फूट वाढवलं, त्याची परवानगी घेतलेली नाही. आता मुलाचं लग्न ठरलंय, वरचा मजला बांधायचाय, थोडं कर्जही काढायचंय. ठेकेदार म्हणतो, ‘काकू, परवानगीच्या भानगडीत पडलात तर वर्ष जाईल. जोडून सुट्ट्या बघून स्लॅब टाकून देतो, मग घरपट्टी लावून घ्या, झालं कायदेशीर.’ जिना तो बाजूच्या बोळातून बाहेरून काढणार आहे आणि मागचं वाढीव स्वयंपाकघर धरून वर बाथरूम काढून देतो म्हणतो. इंजिनिअर म्हणतो, फाईल टाकायलाच हवी. ह्यांना भीती वाटते की फाईल टाकली तर स्वयंपाकघराचं उघडं पडेल आणि असलेलं घरही अडचणीत येईल. जुना पूर्णत्वाचा दाखला सापडत नाही. काय करावं?
– एक निवृत्त शिक्षिका, मखमलाबाद

ताई,

इंजिनिअरचं ऐका. फाईल टाका, आणि मंजुरी हातात पडेपर्यंत गच्चीवर एक वीटही चढू देऊ नका. तुमच्या ह्यांची भीती खोटी नाही, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पण आधी ठेकेदाराचं ते घरपट्टीचं वाक्य खोडून काढते, कारण त्या एका वाक्यावर विसंबून नाशिकमध्ये पुष्कळ घरं अडकून बसली आहेत.

घरपट्टी लागली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. घरपट्टी हा कर आहे. वास्तू उभी आहे आणि वापरात आहे, एवढंच त्या पावतीवरून सिद्ध होतं. उलट, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती म्हणजे दंड दरवर्षी लावायची तरतूद आहे. ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही, हेही कायद्यातच आहे. लहान घरांना शासनाने शास्तीतून सूट दिली आहे, पण सूट पैशांपुरती. अनधिकृत हा शिक्का तसाच राहतो. आणि सुट्ट्या बघून टाकलेल्या स्लॅबबद्दल सांगायचं तर सुट्टीत काँक्रीट घट्ट होतं, कायदा तिथेच असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली बांधकाम काढण्याची आणि ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस येऊ शकते, आणि कलम ५२ मध्ये दंडाबरोबर कैदही आहे. ती नोटीस मालकाच्या नावाने निघते. ठेकेदार तोवर दुसऱ्या साइटवर असतो.

आता स्वयंपाकघर. फाईल टाकली तर ते उघडं पडेल, ही भीती समजण्यासारखी आहे. पण ते आत्तासुद्धा झाकलेलं नाही. मंजूर नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात आहे आणि घर रस्त्यावरून दिसतं. शेजाऱ्याशी एखादा वाद झाला, कुणी तक्रार केली, घर विकायला काढलं किंवा गहाण ठेवायला गेलात, की दोन्ही ताडून बघितलं जाणारच. आज तुम्ही स्वतःहून समोर ठेवलंत तर निदान पर्याय तुमच्या हातात राहतात.

पर्याय दोनच आहेत. वाढीव भाग आजच्या नियमांत बसत असेल तर त्यासह प्रस्ताव दाखल करायचा आणि जे शुल्क लागेल ते भरून तो नियमित करून घ्यायचा. बसत नसेल तर तो काढायचं कबूल करून तसं नकाशावर दाखवायचं. नकाशात यासाठी रंगांची पद्धतच ठरलेली आहे: नवं काम लाल रंगात, पाडायचं काम पिवळ्या रेघांनी. ती पिवळी रेघ मारायला लोक कचरतात. माझं मत विचाराल तर, तीन फुटांच्या पिवळ्या रेघेने वरचा अख्खा मजला आणि खालचं घर स्वच्छ होत असेल, तर ती मारावी. स्वयंपाकघराची आतली मांडणी बदलून तीन फुटांची भरपाई बऱ्याचदा करता येते. वरच्या अनधिकृत मजल्याची भरपाई करायला काहीच हाती नसतं. एक गोष्ट मात्र करू नका. नकाशात २००५ चा भाग न दाखवता, म्हणजे घर १९९६ सारखंच आहे असं भासवून मंजुरी घेऊ नका. चुकीची माहिती देऊन मिळवलेली परवानगी रद्द होऊ शकते, आणि मग खालचं-वरचं दोन्ही अडचणीत येतं.

मागचं स्वयंपाकघर धरून वर बाथरूम काढणं हे तर अजिबात करू नका, मग परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी. त्या वाढीव भागाला पाया किती खोल आहे, हे २००५ च्या गवंड्याशिवाय कुणाला माहीत आहे? अशा वाढीव कामांत पाया काळ्या मातीतच उथळ सोडलेला असतो, मुरुमापर्यंत नेलेला नसतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घराचे दोन भाग वेगवेगळे हलतात. एक सोपी खूण आहे. जुनी मागची भिंत आणि वाढवलेला भाग जिथे जुळतो तिथे, ओट्याच्या वरच्या बाजूला, उभी भेग आहे का बघा. रंग देताना दरवेळी पुट्टी भरून बुजवावी लागते अशी एखादी रेघ असेल, तर तो सांधा तुम्हाला उत्तर देतोय. त्यावर पाण्याने भरलेलं बाथरूम बसवायचं नाही.

गच्चीवरच्या सळयांचंही तसंच. ‘सोय आधीच करून ठेवली आहे’ असं ठेकेदार म्हणत असणार. पण १९९६ पासून उन्हापावसात उघड्या राहिलेल्या सळया गंजून बारीक झालेल्या असतात. हाताने वाकवून बघा, पापुद्रे निघतील. कधीकधी गंज स्लॅबच्या आत कॉलमच्या माथ्यापर्यंत उतरलेला असतो आणि तिथलं काँक्रीट फुगून तडकलेलं असतं. त्यांना नव्या सळया नुसत्या तारेने बांधून वर कॉलम उभा करणं धोक्याचं आहे. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो कॉलमचा माथा फोडून बघेल, काँक्रीटची ताकद अजमावणारी हातोडी चाचणी करेल, एखाद-दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाया उघडा करून मापेल, आणि मूळ पाया किती मजल्यांसाठी धरला होता ते ठरवेल. जुना स्ट्रक्चरल नकाशा मिळाला तर त्याचं काम निम्मं होतं. गरज पडली तर जुन्या कॉलममध्ये भोकं पाडून रसायनाने नव्या सळया बसवता येतात, पण ते त्याने सांगावं आणि समोर उभं राहून करून घ्यावं. खालचं घर वरचा मजला पेलेल, असा त्याचा सहीचा स्थैर्य दाखला फाईलमध्ये लागेलच. कागदापुरता सही करून देणारा माणूस नको, खड्डा घेणारा हवा.

चटईक्षेत्राची म्हणजे एफएसआयची (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं त्याची) अडचण तुम्हाला बहुधा येणार नाही. राज्याची एकत्रीकृत नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती डिसेंबर २०२० पासून नाशिकला लागू आहे. तिच्यात गावठाणाबाहेर, नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर मूळ चटईक्षेत्र १.१० आहे. २०० चौरस मीटरवर २२० झाले, शिवाय बाल्कनी, जिना अशा भागांसाठी अधिमूल्य भरून पूरक चटईक्षेत्र मिळतं ते वेगळं. रस्ता नऊ मीटरपेक्षा लहान असल्यामुळे टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा चटईक्षेत्र) तुम्हाला चढवता येणार नाहीत, पण घरच्या एका मजल्याला त्यांची गरजही पडू नये. फक्त एक लक्षात ठेवा: पूर्वी बाल्कनी, जिना असे भाग मोजणीतून सुटायचे, आता ते चटईक्षेत्रात धरले जातात. त्यामुळे जुन्या नकाशावरचा आकडा घेऊन घरी हिशेब मांडू नका, इंजिनिअरकडून नव्याने काढून घ्या.

तुमची खरी अडचण मोकळ्या जागांची, आणि त्यातही जिन्याची. बाजूचा बोळ ही सामासिक अंतराची, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा आहे. हवा, उजेड, आग लागली तर माणसाला निघायला वाट, यासाठी ती सोडलेली असते. त्याच बोळात तुमच्या ड्रेनेजची चेंबरं असणार. तीन फुटांचा जिना तिथे उतरवला की उरलेल्या फटीतून गॅसची टाकीसुद्धा आडवी होऊन जाईल आणि चेंबर तुंबलं तर जिन्याखाली वाकून झाकण उघडावं लागेल. जिना तिथे नियमात बसतो का, हे नकाशावर ठरू द्या, ठेकेदाराच्या दोरीवर नको. तळमजल्याच्या हॉलचा किंवा पुढच्या व्हरांड्याचा एक कोपरा देऊन जिना आतून नेता येईल का, हे इंजिनिअरला पहिल्याच बैठकीत विचारा. जागा जाते हे खरं, पण सुनेला आणि मुलाला पावसात बाहेरून वरखाली करावं लागणार नाही.

कागदांबद्दल. पूर्णत्वाचा दाखला सापडत नसेल तर १९९६ ला गृहकर्ज घेतलं होतं का, ते आधी आठवा. बँकेने तारण म्हणून घेतलेल्या फाईलमध्ये मूळ प्रती राहून जातात आणि कर्ज फिटल्यावर लोक फक्त खरेदीखत परत आणतात. तिथे नसेल तर नगररचना विभागाकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. दाद लागली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. जुन्या नकाशावरचा मंजुरी क्रमांक आणि तारीख अर्जात घातलीत तर शोधणाऱ्याला सबब राहत नाही. दाखला घेतलाच नव्हता असं निघालं, तरी घाबरून जाऊ नका, नव्या प्रस्तावात तळमजल्यासह एकत्र दाखला मागता येतो. त्याशिवाय सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर लेआउट, बिनशेतीचा आदेश, घरपट्टीची पावती हे लागेल. भूमी अभिलेखची मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दींचा अधिकृत मोजणी नकाशा, जुनी असेल तर नवी मोजणी मागवा. कॉलनीत कंपाउंड भिंती हद्दीच्या दगडांवर असतातच असं नाही, आणि मोकळी जागा भिंतीपासून नव्हे तर हद्दीपासून मोजतात. अर्धा फूट इकडचा तिकडे निघाला तर सगळा नकाशा हलतो.

प्लॉट गोदावरीच्या किंवा एखाद्या नाल्याच्या बाजूला असेल तर पूररेषेचा नकाशा बघून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन रेषांच्या मध्ये बांधकामाला अटी आहेत, निळ्या रेषेच्या आत बहुतेक बंदीच. २००८ च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलेलं तुम्हीही पाहिलं असेल.

वर्ष जाईल, हे ठेकेदाराचं म्हणणंही तपासू. फाईल आता ऑनलाइन पडते. कायद्यात निर्णयाला ६० दिवसांची मुदत आहे. यूडीसीपीआर नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा आणि शुल्काची पावती एवढ्यावर काम सुरू करता येतं आणि १५० ते ३०० चौरस मीटरसाठी १० दिवसांत मंजुरीची सोय आहे. तुमचा प्लॉट या दुसऱ्या गटात येतो. मात्र यात सगळी जबाबदारी सही करणाऱ्या तज्ज्ञावर असते आणि तुमच्याकडे जुनं अनधिकृत वाढीव काम आहे. म्हणून इंजिनिअरला या झटपट वाटेने जायचा आग्रह करू नका; तो स्वतःहून म्हणाला तरी स्वयंपाकघर कसं दाखवणार ते आधी विचारा. खरा वेळ जातो तो अर्धवट कागदांपायी निघणाऱ्या त्रुटींत. मोजणी आणि जुन्या प्रती हातात घेऊनच फाईल टाकली तर हेलपाटे बरेच वाचतात. कुणी ‘वरचे’ मागितले तर त्रुटी लेखी मागा, आणि तरीही अडवणूक झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक आहे. तो वापरायला संकोच करू नका.

मंजुरी आली की कामाच्या जागी फलक लावा आणि मंजूर नकाशाची प्रत साइटवर ठेवा. जिन्याचा पाया नव्याने जमिनीतून उठत असेल तर जोत्यापर्यंत काम आल्यावर इंजिनिअरने जोता तपासणीची सूचना दिलीच पाहिजे. इथे माझा फार आग्रह आहे. जोत्याच्या पातळीला जिना अर्धा फूट सरकलेला निघाला तर दोन दिवसांत आणि थोड्या पैशात नीट होतो. तीच चूक पूर्णत्वाच्या दाखल्याच्या वेळी सापडली तर तोडायला काँक्रीट असतं आणि वर राहायला आलेलं कुटुंब असतं. पाहणीला महापालिकेचा माणूस येईल त्या दिवशी तुमचा इंजिनिअर साइटवर हवा. ठेकेदाराला उत्तरं देऊ देऊ नका.

पण महापालिका बघते ती मापं आणि नियम. स्लॅबमध्ये सळई नीट पडली का, हे बघायला तिथून कुणी येत नाही, आणि परवानगी मिळाली म्हणजे काम पक्कं झालं असं समजणारे इथेच फसतात. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला गच्चीवर आणा. सळयांखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या पृष्ठभागापासून आत ठेवणारे ठोकळे) आहेत का, कॉलमला ४० मिलिमीटरचं कव्हर सुटतं का, वरच्या सळया पायाखाली दबून खाली बसल्या नाहीत ना, विजेचे पाइप एकाच ठिकाणी गठ्ठ्याने टाकले नाहीत ना, हे त्याने वाकून बघायचं आणि मग ‘भरा’ म्हणायचं. त्याने हो म्हटल्याशिवाय मिक्सर बोलवायचा नाही, अशी अट करारात लिहून घ्या. नंतर पाणी मारणं किमान ७ दिवस, आणि हल्ली सर्रास वापरतात ते पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १० दिवस. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचेही १४ दिवस हलवायचे नाहीत. फळ्या दुसऱ्या साइटला हव्यात म्हणून ठेकेदार घाई करेल, तेव्हा ठाम राहा.

कर्जासाठी तर मंजूर नकाशा लागतोच. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँकांना सांगितलं आहे की इमारतीचा पूर्णत्वाचा किंवा भोगवटा (म्हणजे राहायला परवानगीचा) दाखला तपासूनच तिच्या तारणावर कर्ज द्यावं, आणि वीज-पाण्याच्या जोडण्याही तो दाखला बघूनच द्याव्यात. उद्या मुलाला हे घर तारण ठेवायचं झालं किंवा तुम्हाला विकायचं झालं, तर पहिला कागद तोच मागतील. कपाटांच्या प्रश्नात नाशिकने हे भोगलं आहे. फ्लॅटमध्ये काढलेल्या कपाटांच्या जागेमुळे मंजूर चटईक्षेत्र ओलांडलं गेलं म्हणून कितीतरी इमारतींचे दाखले अडले होते. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या फ्लॅटमध्ये लोक दाखल्याविना राहत होते, आणि त्या लोकांची चूक एवढीच होती की ताबा घेताना त्यांनी तो कागद मागितला नाही.

म्हणून इंजिनिअरशी फी ठरवताना ‘परवानगी काढून देणे’ एवढ्यावर ठरवू नका. वरच्या मजल्यासह भोगवटा दाखला हातात देईपर्यंतचं काम धरा, आणि फीचा शेवटचा हप्ता त्या दाखल्यावर ठेवा. कामाच्या ओघात खिडकी किंवा भिंत इकडची तिकडे करावीशी वाटली तर करण्याआधी त्याला विचारा, सुधारित नकाशा लागेल का ते तो सांगेल. परवानगीची मुदत वर्षाची असते, काम त्या आत सुरू झालं नाही तर नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा लग्नाच्या धामधुमीत फाईल मंजूर होऊन पडून राहणार असेल, तर ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.